सावरीचे जाकीट

रेणुकादास सरांना पोहता येत नव्हते. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढची सगळी हकिकत पाण्यावर तरंगण्याविषयी आहे आणि वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज नको. पोहता येत नव्हते यात त्यांचा दोषही नव्हता. जन्म लातूरजवळच्या मुरुडचा, नोकरी खुद्द लातूरची. दोन्हीकडे प्यायला पाणी मिळाले तरी माणूस स्वतःला भाग्यवान समजे. त्यात उड्या मारण्याची गोष्ट कुणी काढली असती तर लोकांनी त्याला उधळ्या म्हटले असते. सरांच्या पत्नी विशाखाबाई पाटबंधारे खात्यात कारकून होत्या. गावात पाणी नसले म्हणून काय झाले, पाण्याचे खाते होते आणि तिथे रोज वेळेवर सह्या होत.

सर एका शाळेत जीवशास्त्र शिकवत. नव्वदीच्या त्या वर्षांत लातुरात जीवशास्त्र शिकवणाऱ्याला जो मान होता तो देवालाही नव्हता, कारण मूल डॉक्टर होईल अशी हमी देव देत नव्हता. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. ज्याच्या घरात एक खोली जास्त होती त्याने तिथे फळा टांगला. ज्याच्याकडे दोन होत्या त्याने दुसरीत मुले झोपवली आणि तिला होस्टेल म्हटले. अशा सुगीच्या दिवसांत रेणुकादास सरांनी उमाशंकर सरांच्या क्लासमधली मिळालेली जागा घालवून दाखवली. बेडकाच्या कातडीला एक तास ठरलेला होता, सरांनी आठवडा घेतला. मुले पेन उघडून बसली होती आणि परीक्षेत लिहिण्यासारखे एकही वाक्य येत नव्हते. शेवटी उमाशंकर सरांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "सर, तुमचं ज्ञान फार मोठं आहे. आपला क्लास लहान आहे." इतक्या आदराने लातुरात दुसऱ्या कुणाला काढले गेले नसेल.

पाण्याचे भूत सरांच्या डोक्यात शिरले ते त्याच्याही आधी, भूकंपानंतर. किल्लारीकडच्या गावांसाठी देशभरातून कपडे येत होते. ते वेगवेगळे करण्याचे काम मास्तरांकडे आले, कारण आपत्ती कुठलीही असो, मोजणी आणि वाटणी मास्तरांकडेच येते. पुष्कळांनी मनापासून पाठवले होते. काहींनी कपाट रिकामे करण्याची संधी साधली होती. जरीचे फेटे होते, टेनिस खेळायच्या चड्ड्या होत्या, आणि एका खोक्यात नारिंगी रंगाची, बिनबाह्यांची, फुगीर जाकिटे होती. होडीतून पडलेल्या माणसाला बुडू न देणारी. जिथे जमीन हलली होती आणि घागर भरायला टँकरची वाट पाहावी लागत होती, तिथे कुणा दयाळू माणसाने बुडण्यापासून संरक्षण पाठवले होते.

तरी ती वाटली गेली. थंडी तोंडावर आली होती. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या साखराबाईंनी एक जाकीट लुगड्यावर चढवले आणि सरांना म्हणाल्या, "ऊब लई हाय, मास्तर. फकस्त मान वळत न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात सर तिकडे गेले तेव्हा जाकिटाचे कापड उन्हाने फाटले होते आणि आतल्या फोमचा भुगा होऊन रानभर उडत होता. साखराबाई शेळीच्या जबड्यात बोट घालून तो बाहेर काढत होत्या.

"मास्तर, हे कुजत बी न्हाई की वो," त्या म्हणाल्या. "उकिरड्यात पुरलं, पावसाळा गेला, तरी जसंच्या तसं वर आलं. माणसं गेली माती होऊन, ह्याला काय धाड भरली?"

परतीच्या एसटीत सरांनी ठरवून टाकले. पाण्यात जीव राखणारे कापड असे करायचे की काम संपल्यावर ते मुकाट मातीत जाईल. हा निश्चय करण्यासाठी लातूरइतके गैरसोयीचे ठिकाण पृथ्वीवर सापडणे कठीण होते, पण सरांची बदली होत नव्हती.

निसर्गाला विचारायचे, असे ते म्हणत. विचारायला ते विशाखाबाईंच्या माहेरी, बिलोलीकडे जात, कारण निसर्गाने आपले पाण्याचे उत्तर तिकडे ठेवले होते. इतर जावई सासुरवाडीला जाऊन आमरस खातात. हे जावई नदीकाठी बसून जलपर्णीचे फुगीर देठ ब्लेडने कापत. आत हवेचे बारीक बारीक कप्पे. एक फुटला तरी बाकीचे तरंगत राहतात. पाणकोंबडी चोचीने अंगाला तेल चोपडते आणि पाण्यातून कोरडी बाहेर येते. आणि काटेसावरीचा कापूस! त्याचा एकेक तंतू म्हणजे आतून पोकळ नळी, वरून निसर्गानेच मेण लावलेली. हा कापूस कुणाला नवा नव्हता. लातुरातल्या निम्म्या उशा त्याच्याच होत्या. त्यावर डोके ठेवून घोरणाऱ्यांपैकी कुणालाही तो पाण्यात टाकावासा वाटला नव्हता, इतकेच.

हे सगळे जेवताना बोलण्यापुरते राहिले असते. पण सरांची मुलगी अपूर्वा अकरावीत गेली आणि तिने होडीच्या शर्यतीत नाव दिले.

अपूर्वा आजोळच्या विहिरीत पोहायला शिकली होती. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला मावशीकडे राहिली तेव्हा गोदावरीच्या बंधाऱ्यामागे, तुंबलेल्या पाण्यावर, एकटीने वल्हवायची लहान होडी चालवायला शिकली. परत आली ती हाताला घट्टे घेऊन आणि तोंडभर बोलत. क्लासमधून ती अशी बोलत कधी आली नव्हती. शर्यत जानेवारीत होती. नियम एकच होता: प्रत्येकाने आपले जाकीट आणायचे, आणि ते तिथे पाण्यात टाकून तपासले जाईल.

विशाखाबाईंनीही आपला नियम सांगितला. नदीकाठी वाढल्यामुळे त्यांना नदीचे फार कौतुक नव्हते. "जाकीट पास झालं तर होडीत बस. नाहीतर काठावर उभं राहून टाळ्या वाजव. मी अर्ध्या तासासाठी मुलगी घालवायला वाढवली नाही."

"बाबा, मुंबईहून मागवायचं का? मावशीच्या ओळखीचे आहेत एक," अपूर्वाने विचारले.

"मुंबईहून? मी घरात असताना?"

"तसं नाही. पण ते बुडालं तर मला उतरवणार नाहीत. मग सगळंच गेलं."

"बुडेल कसं? जलपर्णी बुडते का?"

जलपर्णी बुडत नाही हे अपूर्वाला मान्य होते. आपले बाबा जलपर्णी आहेत की नाही याची तिला खात्री नव्हती.

सरांच्या घरासमोर चन्नबसप्पांचे गादीचे दुकान होते. भूकंपाने ते चालते केले आणि क्लासने मोठे केले. आधी शेडमधल्या लोकांना गाद्या लागल्या, मग होस्टेलातल्या पोरांना. चन्नबसप्पा हे लपवत नसत. "सर, देवानं एकदा जमीन हलवली, मग आईबापांची डोकी. दोन्ही बारीला गादी आपलीच. आपण महादेवाला दोष कसा द्यावा?"

उन्हाळ्यात साठवलेला सावरीचा कापूस त्यांच्या माडीवर पडून होता. सरांनी मांजरपाटाला जवसाचे तेल आणि मेण पाजून ते गच्चीवर वाळत घातले. त्याचा वास असा सुटला की शेजारच्या होस्टेलातली पोरे खिडक्या लावून अभ्यास करू लागली, आणि त्यांच्या मालकाने सरांचे मनापासून आभार मानले. कापड आठवड्यामागून आठवडे वाळत राहिले. मग त्याचे अरुंद, उभे कप्पे शिवायला चन्नबसप्पा बसले आणि तिथे दोन शास्त्रांची टक्कर झाली.

"ढिलं भरा," सर म्हणाले. "ठासलं तर नळ्या चेपतील. हवा राहिली पाहिजे."

"ढिलं भरलं तर गिऱ्हाईक शिव्या देतंय, सर."

"ह्यावर गिऱ्हाईक झोपणार नाहीये."

"झोपणार न्हाई तर मग मी सकाळपासून काय करायलोय?" चन्नबसप्पांनी सुई खाली ठेवली. "बरं, घालणार कोण? आपली अपूर्वा ना? मग तसं सांगा की. पोरीचं हाय म्हणून ढिलं भरतो. दुकानाचं नाव मात्र कुणाला सांगू नका."

तपासणी मुरुडला, चन्नबसप्पांच्या मळ्यातल्या विहिरीवर झाली. लातुरात करायची तर कुणाचा तरी हौद लागला असता, आणि जवसाच्या तेलाने माखलेली वस्तू हौदात बुडवू द्या असे म्हणणाऱ्याला गल्लीने जागीच बुडवले असते. वजन म्हणून बांधायला काय घ्यावे असा प्रश्न आला. चन्नबसप्पांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. मागोमाग त्यांच्या पत्नी रत्नम्मा आल्या.

"अय्यो, माझ्या माहेरचा हाय तो! बुडाला तर चटणी कशानं वाटू? ह्या मास्तरांच्या डोक्यानं?"

"बुडत न्हाई गं. सर हमी द्यायलेत."

"सरांना पवता येतं का?"

"न्हाई."

"मग हमी कसली? तुम्ही तरी उडी मारणार का?"

कुणीच उडी मारणार नव्हते. जाकीट वरवंट्यासकट विहिरीत सोडले. ते डुचमळले, एका अंगावर कलले, आणि राहिले. जेवणे झाली, पान खाऊन झाले, उन्हे उतरली, तरी वरवंटा पाण्यावर लोडाला टेकलेल्या पाहुण्यासारखा निवांत होता. रत्नम्मांनी तो परत मिळाल्यावर पदराने पुसला आणि म्हणाल्या, "माझ्या लग्नात आम्हाला इतकं बसायला मिळालं नव्हतं." सरांच्या संशोधनाचा जाहीर गौरव झाला तो एवढाच.

घरी विशाखाबाईंनी विचारले, "तरंगलं?"

"तरंगलं."

"वास?"

"वास जाईल हळूहळू. तेल सुकतंय अजून."

"तिथे चार गावांच्या मुली येणार. आपली पोर तेलाच्या घाण्यातून उठून आल्यासारखी जाणार का?" एवढे बोलून त्या गच्चीकडे पाहून नाक मुरडून आत गेल्या. गेले दोन महिने त्या जाकिटाकडे असेच पाहत होत्या, म्हणून सरांनी त्यात काही नवे शोधले नाही.

उमाशंकर सर रस्त्यात भेटले. अपूर्वा त्यांच्याच क्लासला जात होती, कारण बापाचे ज्ञान मोठे असले तरी गुण बाहेरूनच आणावे लागतात. "सर, त्या रविवारी टेस्ट आहे. नाही बसली तर ए बॅचमधून बी बॅचमध्ये जाईल."

"ती नांदेडला होडी वल्हवणार आहे."

उमाशंकर सरांनी थोडा विचार केला. वाईट माणूस नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीचे गुण करून पाहत असे. "आर्किमिडीजला यंदा दोनच मार्क आहेत, सर. दोन मार्कांसाठी नांदेड?"

रविवारी पहाटे तिघे एसटीत बसले. जाकीट विशाखाबाईंनी पिशवीत घडी करून घेतले होते. अहमदपूरच्या पुढे सरांनी ते मांडीवर घेतले आणि त्यांचा चेहरा उजळला. वास पार गेला होता. कापड मऊ झाले होते. आतल्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचे बोट लावलेले होते, नव्या कपड्याला लावतात तसे. सरांनी विशाखाबाईंकडे पाहिले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. म्हणजे हिची परवानगी आहे तर, एवढे सरांना कळले, आणि त्या आनंदात त्यांनी मायलेकींना सांगायला सुरुवात केली की जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन कसे सुकते आणि पुरते सुकले की वास कसा आपोआप जातो. नेमके आज ते पुरते सुकले होते. निसर्गाला तारीख कळते, ते म्हणाले. अपूर्वा वल्ह्याच्या मुठी धरल्यासारखे हात करून बसली होती. विशाखाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण शास्त्र चालू असताना मध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती.

नांदेडला काठावर मांडव होता, कर्णा होता, आणि नारिंगी जाकिटांची गर्दी होती. त्यात अपूर्वाचे मांजरपाटी जाकीट म्हणजे वरातीत कुणी गोधडी पांघरून आल्यासारखे दिसत होते. तपासणीला श्रीनाथ नावाचा तरुण होता, गळ्यात शिट्टी.

"काका, ही उशी आहे का?"

"जाकीट आहे. सावरीचं. ह्याची रचना जलपर्णीच्या देठासारखी..."

"बरं बरं. टाकून बघू." त्याने वाळूची पिशवी बांधली आणि जाकीट पाण्यात सोडले.

ते तरंगले. सरांनी आजूबाजूला पाहिले, कुणी पाहतेय का म्हणून. दोनचार जण पाहत होते. मग जाकिटाच्या खालच्या कडेने रंग बदलला, गडद झाला, तो गडदपणा कप्प्याकप्प्याने वर चढला, आणि अगदी सावकाश, पाहुण्याने घरच्यांचा निरोप घेत घेत उठावे तसे, जाकीट वाळूच्या पिशवीसह खाली गेले. श्रीनाथने दोरी ओढून वर काढले. त्यातून नळ सुटल्यासारखे पाणी गळत होते.

"हे नाही चालणार, काका. दुसरं आहे का? नाहीतर नाव काढावं लागेल. पुढच्या फेरीत आहे ही."

"मुरुडला वरवंटा तरंगला होता!" सर म्हणाले. श्रीनाथने पुष्कळ पालक पाहिले होते, पण हे उत्तर त्याला नवे होते.

"अहो," विशाखाबाई मागून हळूच म्हणाल्या, "धुतल्यानं काही झालं असेल का?"

"धुतलं? कुणी?"

"मी. गेल्या आठवड्यात नळ आला होता तेव्हा. नवं कोरं, तेलकट, तसंच कसं घालायला द्यायचं पोरीला? गरम पाण्यात सोडा घालून भिजवलं. तरी वास जाईना. मग धोपाटण्यानं चांगलं बडवलं, पुन्हा भिजवलं. आख्खं पिंप गेलं त्यात. आठवडाभर गच्चीवर वाळत होतं, तुम्ही रोज बघत होता की."

सर रोज बघत होते. सोड्याने तेल गेले, मेण गेले, धोपाटण्याने एकेक नळी चपटी झाली. पाण्यापासून वाचवायला केलेल्या वस्तूची पाण्याशी पहिली गाठ घरातच पडली होती, आणि निकाल तिथेच लागला होता. हे सगळे त्यांना क्षणात समजले. समजणे हा त्यांचा पेशाच होता. मग दुसरेही समजले. नळ आठवड्यातून एकदा येत होता. त्या आठवड्यात घरात भांडी राखेने घासली होती आणि अंघोळी तांब्यावर उरकल्या होत्या, आणि का ते त्यांनी विचारले नव्हते. जी बाई मुलीला पाण्यात सोडायला तयार नव्हती, तिने पिंपभर पाणी तिच्या जाकिटावर ओतले होते. रागवायला तोंड उघडले होते, ते तसेच मिटावे लागले.

"ढिलं भरलं म्हणून असेल," ते श्रीनाथला म्हणाले. "आमचीच चूक."

अपूर्वा पाण्याकडे पाहत होती, जिथे तिच्या फेरीच्या होड्या रांगेत लावत होते.

विशाखाबाईंनी पदर खोचला आणि मांडवात शिरल्या. तिथे एक बाई आपल्या मुलीचे केस पुसत बसल्या होत्या. मुलीची फेरी झाली होती, जाकीट बाजूला पडले होते. पुढची बोलणी मराठवाड्यात जशी व्हायची तशीच झाली.

"तुम्ही कुठल्या?"

"देगलूरच्या. मी दानम्मा. तुम्ही?"

"माहेर बिलोली."

"बिलोलीत कुणाच्या?"

कुणाच्या ते सांगितले. दानम्मांची जाऊ त्याच गल्लीतली निघाली. आता जाकीट मागावे लागलेच नाही. दानम्मांनीच ते उचलून हातात दिले, वर दोन शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आधी बोलला असता तर आम्ही तिला जेवायलाच घेऊन गेलो असतो की."

विशाखाबाई ते नारिंगी जाकीट घेऊन आल्या. अपूर्वाने हात पुढे केला नाही. तिने बापाकडे पाहिले.

"बाबा, तुम्ही म्हणालात तरच."

कर्ण्यावर तिचे नाव पुकारले. सर पायाशी पडलेल्या मांजरपाटी गोळ्याकडे पाहत होते. त्यांना पुष्कळ म्हणायचे होते. शेळ्यांविषयी, उन्हाविषयी, शंभर वर्षांनीही तसाच राहणाऱ्या फोमविषयी. पण मुलीच्या ओठावर घाम आला होता.

"हात वर कर," ते म्हणाले. त्यांनी जाकीट तिच्या अंगात चढवले, पट्टे ओढले, पुन्हा ओढून पाहिले. "घट्ट होतंय का?"

"थोडं."

"असू दे घट्ट. ह्यात ठासूनच भरलेलं असतं."

अपूर्वा चौथी आली. सहा होड्यांत. विशाखाबाई फेरीभर डोळे मिटून उभ्या होत्या आणि दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "आहे ना?" आणि पोहता न येणारे रेणुकादास सर गुडघाभर पाण्यात कधी उतरले ते त्यांनाही कळले नव्हते. "आहे," ते सांगत होते. "आहे. वल्हवतेय."

परतताना एसटीत अपूर्वा आईच्या खांद्यावर झोपली. तिची ए बॅच गेली होती. त्याचे कुणी नाव काढले नाही. सावरीचे जाकीट सरांच्या पायाशी होते आणि बसभर त्याचे पाणी ओघळत होते. कंडक्टर तिकिटे देत आला, त्याच्या बुटाखाली चिखल झाला, तसा थांबला.

"काय हो काका, लातूरला पाणी नाही म्हणून धुणं नांदेडला आणलं होतं का?"

बसमधले लोक हसले. सर काही बोलणार, तेवढ्यात विशाखाबाईंनी तिकिटाला हात पुढे केला.

"हो," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी परत आणणार आहोत. न धुता."